आमच्या चौदा सह्यांनी घालवलेला कोच

अन्याय झाला तो आमच्या गावच्या फुटबॉल क्लबातल्या इटालियन कोचवर. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, संध्याकाळी सव्वासात वाजता, क्लबच्या मागच्या खोलीत, जिथे एरवी म्हातारे बिअर पितात आणि पत्ते कुटतात. सात सव्वीसला सगळं आटोपलं होतं. एकवीस वर्षं मुलांना खेळ शिकवणाऱ्या माणसाला घालवायला अकरा मिनिटं पुरली. मी घड्याळाकडे बघत बसले होते, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

अध्यक्षांच्या हातात दोन पानी पत्र होतं. त्याखाली चौदा सह्या, सगळ्या आपल्या लोकांच्या. पुणे, चिंचवड, नाशिक, ठाणे, एक सांगली. सही त्यांची असली तरी पत्र माझं होतं. शब्द न् शब्द माझा.

आमचं गाव जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या जवळ. इथले निम्मे आईबाप गाड्यांच्या कारखान्यात आणि उरलेले त्या कारखान्याला काहीतरी पुरवणाऱ्या कंपन्यांत. मी मास्टर्स करायला आले आणि इथेच नोकरीला लागले. ताई आणि भावोजी आधीपासून होते. त्यांची मुलगी, माझी भाची, अकरा वर्षांची, त्या क्लबात खेळते. टीममध्ये आपली नऊ मुलं आहेत. मराठी सगळ्यांना कळतं, उत्तर सगळी जर्मनमध्ये देतात.

माझं काम सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नोकरी सोडून उरलेल्या वेळात मी भाडेकरूंच्या संघटनेसाठी पत्रकं लिहिते. पुण्यात कॉलेजात असताना मेसच्या जेवणातल्या अळ्यांपासून फीवाढीपर्यंत सगळ्यांवर लिहिलं, इथे घरमालकांवर लिहिते. कुठला शब्द वापरला की समोरच्या ऑफिसातला माणूस खुर्चीत सरळ होतो, ते मला ठाऊक आहे. बंद पडलेल्या हीटरसाठी सहा महिने विनवण्या करणाऱ्या बाईला मी एक परिच्छेद लिहून देते, तिसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला दारात. या गोष्टीचा मला गर्व होता.

आता कोचबद्दल लोकांची तक्रार काय होती ते ऐका. तो मुलांना बॉल देत नव्हता.

म्हणजे पहिली वीस मिनिटं. मंगळवार-गुरुवार ट्रेनिंग सुरू झालं की बॉल कोचच्या काखेत. मुलं मैदानावर आपापल्या जागी. मग तो ओरडायचा, "डावीकडे! रेषेपाशी!" म्हणजे बॉल तिथे आहे असं समजायचं आणि प्रत्येकाने आपली जागा बदलायची. मग "मागे! गोलीकडे!" की पुन्हा सगळे सरकले. कुंपणाबाहेर थर्मास घेऊन उभ्या आपल्या मंडळींना दिसायचं काय, तर अठरा पोरं रिकाम्या हिरवळीवर कवायत करतायत.

"अहो, बॉल कुठाय?" सांगलीच्या वहिनींनी विचारलेलं, ताईने मला हसत हसत सांगितलं होतं.

"मिस्टरांकडे," ताईने सांगितलं. इटलीत कोचला 'मिस्टर' म्हणतात, म्हणून मुलंही म्हणायची.

"मग मिस्टरांना म्हणावं, द्या की पोरांना! आमचे मिस्टरही असेच, रिमोट सोडत नाहीत."

हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. भावोजींनी त्यात गणित आणलं. "वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. वर्षाचे किती तास झाले? मी लाइनवर एवढा वेळ मशीन रिकामं फिरवलं तर मला घरी पाठवतील." मग कोणीतरी विचारलं की मुलांची प्रगती कळणार कशी, काही रिपोर्ट देतात का. रिपोर्ट! बारा वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉलचा! मग ऑक्टोबरात गार वारं सुटलं आणि ठाण्याच्या एका मुलाला आठवडाभर खोकला झाला. झालं. पालकांच्या ग्रुपवर एकशेचाळीस मेसेज.

आणि मग दादा बोलले. दादा म्हणजे चिंचवडचे, इथे बारा वर्षं काढलेले. व्हिसा, टॅक्स, पाळणाघर, काहीही अडलं की लोक त्यांना फोन करतात, आणि ते मदत करतात, खोटं का बोलू. त्यांचा एक मंत्र आहे: "इथे तोंडी बोललेलं हवेत जातं. लेखी द्या. रजिस्टरने द्या. पोच घ्या." वीज कंपनीला, विमा कंपनीला, घरमालकाला हा मंत्र लागू पडतो. बारा वर्षं लागू पडत आला होता, म्हणून त्यांनी तो एका माणसाला लावला, जो आठवड्यातून दोनदा त्यांच्यापासून चार मीटरवर उभा असायचा.

ताईचा फोन आला. "अगं, तुझं जर्मन चांगलं आहे. जरा लिहून दे. आणि थोडा जोर दे, नाहीतर हे लोक वाचत नाहीत."

मी जोर दिला. मैदानावर एकदाही न जाता, कोचचं तोंडही न बघता, ताईच्या फोनवर आणि ग्रुपच्या मेसेजवर विसंबून एका रविवारी दुपारी मी ते दोन पानी पत्र लिहिलं. खोकल्याचं मी 'आरोग्यास धोका' केलं. बॉल न देण्याचं 'बालकांप्रति काळजीच्या कर्तव्याचा वारंवार भंग' केलं. फ्युरसोर्गेफ्लिश्ट, म्हणजे काळजीचं कर्तव्य. जर्मनीत मुलांच्या बाबतीत हा एक शब्द कागदावर आला की कुठलाही माणूस तो कागद टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू शकत नाही. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिला.

चौदा सह्या व्हायला पाऊण तास लागला. तिघांना तेवढं जर्मन वाचता येत नाही. एकाने विचारलं, "काही वावगं नाही ना त्यात?" उत्तर मिळालं, "छे हो, फीडबॅक आहे." फीडबॅक! आपण ऑफिसातून हा शब्द उचलून घरी आणलाय आणि कशावरही चिकटवतो. माझी सही त्यावर नव्हती. पत्रक लिहिणाऱ्याची सही नसतेच. किती सोयीचं!

क्लबची पत्रपेटी मैदानाच्या फाटकालाच आहे. पोस्ट तिथून आणखी पाचशे पावलं पुढे. दादा पत्र रजिस्टर करायला निघाले ते फाटकावरूनच गेले. गुरुवार होता, ट्रेनिंग चालू होतं. कोचने त्यांना बघून हात केला. दादांनीही हात केला. आणि पुढे जाऊन पत्र रजिस्टर केलं. हे दादांनी मला स्वतः सांगितलं, काही लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नाही.

मंगळवारच्या त्या मीटिंगला मी दुभाषी म्हणून गेले. आपल्यापैकी पाच जण आले होते. अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर. त्यांनी माझी दोन पानं मोठ्याने वाचली. पत्रक लिहिणाऱ्याने आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या आवाजात ऐकावं, ते ज्याच्याविरुद्ध आहे तो समोर बसलेला असताना ऐकावं. मग कळतं आपण काय लिहितो ते.

"आल्झो, तर मग," अध्यक्ष म्हणाले, "मुलांबद्दलचा आरोप माझ्याकडे लेखी आलाय, चौदा सह्यांनिशी, रजिस्टरने. तो असताना मी यांना मुलांसमोर उभं करू शकत नाही. पालकांना आणखी काही सांगायचंय?"

दादा घाईघाईने म्हणाले, "नाइन, नाइन. आलेस ओके."

आलेस ओके! नाही नाही, सगळं ठीक! समोर एका माणसाची एकवीस वर्षं चालली होती आणि आमचं म्हणे सगळं ठीक.

कोचने एकच विचारलं. "कुठलं मूल?"

दादा आपल्या फोनकडे बघायला लागले.

"मुलाला काही झालं असेल तर नाव सांगा. मी आत्ता त्याच्या घरी जातो."

खोकलेल्या मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती. ती पर्सची चेन उघडत आणि लावत राहिली. मीही गप्प बसले. दुभाषी होते ना मी. कोणी बोललंच नाही तर भाषांतर कशाचं करणार, असं स्वतःला सांगत बसले. कोचने किल्ल्यांच्या जुडग्यातून सामानाच्या खोलीची किल्ली काढायला घेतली. कडी घट्ट होती, नखाने उघडेना. आम्ही सगळे ते बघत होतो. शेवटी निघाली. त्याने ती टेबलावर ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी भाची शाळेतून आली ती दप्तरासकट माझ्यासमोर उभी राहिली. मी ताईकडेच होते.

"पत्र तू लिहिलंस?" जर्मनमध्ये.

"हो."

"आमचं ट्रेनिंग बघायला तू कधी आली होतीस?"

"नाही आले कधी."

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे 'अगदी बरोबर'. अकरा वर्षांच्या मुलीने मला एका शब्दात आडवं केलं.

शनिवारी ती मला मैदानावर घेऊन गेली. टीममधली आणखी पाच-सहा मुलं आली होती. एकीने बॉल काखेत धरला. मला मधल्या फळीत उभं केलं. "मावशी, बॉल तिकडे गेला, उजवीकडे. आता तू कुठे?"

"आहे इथेच."

"मग तुझ्या मागची ही सगळी जागा कोणाची?" ती वळून दाखवत म्हणाली. "बॉल असला की सगळे त्याच्याच मागे पळतात, वेड्यासारखे. मिस्टर म्हणतात, आधी एकमेकांकडे बघायला शिका."

वीस मिनिटांत मी घामाघूम. खोकला झालेला ठाण्याचा मुलगाही आला होता. जरा जाडसर, पळण्यात सगळ्यांच्या मागे. पण प्रत्येक वेळी तो जिथे हवा तिथे आधीच पोचलेला असायचा. भाची म्हणाली की आधीच्या क्लबात त्याला कायम बाकावर बसवायचे, मिस्टरांकडे तो सगळ्या मॅच पूर्ण खेळला. हे त्याच्या आईला माहीत होतं. पर्सच्या चेनशी खेळत ती बसली होती तेव्हाही माहीत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोचच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूच ती लिहिणारी?"

"हो."

"बूट काढ."

आत तो मुलांच्या रंगीत जाळीच्या बंड्यांच्या घड्या घालत बसला होता. अठरा होत्या, ट्रेनिंगमध्ये टीम ओळखायला घालतात त्या. दर आठवड्याला तो त्या घरी धुवायचा, हे क्लबात कोणाला ठाऊक नव्हतं. आता परत करायच्या होत्या. त्या घड्या घालता घालता, मी विचारलं म्हणून, त्याने मला आपलं सगळं सांगितलं. जे एक महिना आधी विचारायला हवं होतं, ते मी त्याला काढून टाकल्यावर विचारत होते.

दक्षिण इटलीतलं गाव, वडिलांचं टायर पंक्चरचं दुकान. सोळाव्या वर्षी उत्तरेकडच्या तिसऱ्या दर्जाच्या एका क्लबने उचललं. पाच पोरं एका खोलीत. मधल्या फळीत खेळायचा. "माझं काम काय होतं माहितीये? बॉल येईल तिथे आधी जाऊन उभं राहायचं, तो घ्यायचा, आणि ज्याचा फोटो पेपरात येतो त्याला द्यायचा. एवढंच. अकरा वर्षं."

"गोल?"

"चार. त्यातले दोन चुकून."

त्याची बायको आतून ओरडली, "तीन चुकून!"

तिथल्या म्हाताऱ्या कोचकडे बावीस खेळाडूंना दोन बॉल होते, म्हणून तो त्यांना बॉलशिवाय शिकवायचा. तिथून हे आलं. मग गुडघा गेला. ऑपरेशननंतर क्लबने करार वाढवला नाही. मामा इथल्या गाड्यांच्या कारखान्यात होता, त्याच्याकडे आला. दिवसभर लाइनवर गाड्यांचे दरवाजे बसवायचे, रविवारी सुजलेल्या गुडघ्याने आमच्या या क्लबासाठी खेळायचं. एका शनिवारी मुलांचा कोच आला नाही, आणि जो कोणी मोकळा होता त्याला उभं केलं. तो मोकळा होता. कोचच्या लायसन्सची लेखी परीक्षा जर्मनमध्ये. पहिल्यांदा नापास झाला. दुसऱ्यांदा बायकोने स्वयंपाकघरात प्रश्न विचारून विचारून पास करून घेतला.

ही त्याची कारकीर्द. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या नाहीत तिच्यावर. कागदावर तिच्याबद्दल कोणी काही लिहिलंच असेल, तर ते मी लिहिलेलं.

मी माफी मागितली.

"तुझी माफी घेऊन मी काय करू? इस्त्री करू?" त्याने हातातली बंडी टेबलावर आपटली. "कारखान्यात लोक मला विचारतात, 'ते मुलांचं काय प्रकरण झालं म्हणे?' मुलांचं प्रकरण. तुला कळतंय ते काय विचारतायत? माझ्या बायकोला बेकरीत विचारलं."

मला कळलं. मी खोकल्याबद्दल लिहिलं होतं, थंडीबद्दल, बॉलबद्दल. पण 'बालकांप्रति कर्तव्याचा भंग' एवढंच गावात फिरलं, आणि बाकीचं लोकांनी आपल्या मनाने भरलं. ते मनात काय भरतील, हे मला आधी सुचायला नको होतं?

"मला टीम नको," तो म्हणाला. "म्हणजे हवी. पण ते नंतर. चौदा जणांनी लिहून दिलंय, चौदा जणांनी लिहून परत घ्यावं. मला नाव साफ पाहिजे. बाकी काही बोलू नकोस."

मी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, पत्र फाइलमध्ये राहणार. सगळ्या सह्या लेखी मागे घेतल्या गेल्या, तर मार्चमधल्या वार्षिक सभेत ते सगळ्या सभासदांसमोर सांगतील की आरोपात तथ्य नव्हतं, आणि तसं नोंदवतील. एक जरी सही उरली तरी आरोप उभा. आणि माझं काय? "तुमची सही नाहीये त्यावर," ते म्हणाले, आणि त्यांनी मला दार उघडून दिलं.

म्हणून मी घरोघर हिंडतेय. पाच जणांनी सही मागे घेतली. ताईने पहिली. खोकल्याच्या मुलाच्या आईने दुसरी, आणि म्हणाली, "त्या खोकल्यातसुद्धा त्याला जायचंच होतं गं. मी अडवलं." उरलेले नऊ. त्यांची उत्तरं मी जशीच्या तशी देते.

"जाऊ दे ना आता, झालं ते झालं."

"माझा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. आत्ता नाव कशातच नको."

"आपण परके लोक, आपण कशाला पुन्हा पुढे व्हायचं?" पहिल्यांदा पुढे व्हायला परकेपण आडवं आलं नव्हतं.

दादा म्हणाले, "विसरले असतील गं सगळे. आणि नवा कोच छान आहे. प्रत्येक मुलाला वेगळा बॉल देतो."

आणि भावोजी, माझ्याच ताईच्या घरात, जेवताना. "सही मागे घेतली म्हणजे आधीची खोटी होती असं होईल ना?"

"खोटीच होती, भावोजी."

"वाक्य तुझं होतं ते."

"माझंच होतं. तुम्ही न वाचता सही केलीत."

"अहो, करा की," ताई म्हणाली. ते ताट उचलून आत गेले. भाची त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

मला राग येतो तो याचा. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने आपल्या फोडणीच्या वासाबद्दल घरमालकाला परस्पर पत्र लिहिलं, की आपण आठ-आठ दिवस जळतो. "साधं दार वाजवता आलं नाही का तिला?" असं प्रत्येक हळदीकुंकवाला मी ऐकलंय. ते दुःख खरं आहे, मीही भोगलंय. मग जो माणूस आपल्यासारखाच बाहेरून आला, आपल्याच मुलांना शिकवत होता, फाटकाशी हात करत होता, त्याचं दार आपण का वाजवलं नाही? आपल्याला इथल्या कागदाची ताकद कळली, आणि पहिला घाव घातला तो आपल्यापेक्षा कमकुवत माणसावर. घरमालकासमोर माझ्यामागे इतक्या सह्या कधी उभ्या राहिल्या नाहीत.

नऊ सह्या अजून त्या फाइलमध्ये आहेत. सभा मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी आहे. तुम्ही त्या नऊंपैकी असाल, तर मी कोणाशी बोलतेय ते तुम्हाला कळलंय. नसाल, तर आठवून बघा. एखाद्या शिक्षिकेविरुद्ध, पाळणाघरातल्या बाईविरुद्ध, सोसायटीतल्या कोणाविरुद्ध तुम्हीही ग्रुपमध्ये सगळ्यांनी केली म्हणून सही केली असेल. तुमच्या त्या सहीमुळे कोणाच्या तरी बायकोला बेकरीत प्रश्न विचारले जात असतील.

एक कागद घ्या. लिहा: मी सही केली तेव्हा मी स्वतः काहीही पाहिलं नव्हतं, माझी सही मी मागे घेत आहे. खाली पूर्ण नाव लिहा. आजच लिहा, आणि द्या.